सतरा नंबरवाल्यांचा निबंध

ज्याची शाळा मधेच सुटली, त्याला महाराष्ट्रात दहावीला बसायचा रस्ता सतरा नंबरच्या फॉर्मवरून जातो. शाळेच्या पटावर नाव नसलेला माणूस खाजगी विद्यार्थी म्हणून मंडळाकडे नोंदणी करतो. शाळा सोडल्याचा जुना दाखला शोधून काढतो. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडतो. नेमून दिलेल्या शाळेत जाऊन तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं पुरी करतो आणि शेवटी इतर मुलांच्या बरोबरीनं, त्याच वर्गात बसून, तीच कृतिपत्रिका सोडवतो. गुणपत्रिका देणारं मंडळही तेच. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तीन जिल्हे लातूर विभागीय मंडळाकडे येतात. या भागात ‘सतरा नंबर’ म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र ‘सतरा नंबरनं बसलोय’ असं सांगताना बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो, आणि त्या खाली आलेल्या आवाजामुळेच हे पुस्तक लिहावंसं वाटलं.

दुसरेही रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सुरुवात १९८९ साली झाली. तिथं पाच विषय घेऊन, पाच वर्षांत नऊ संधींमध्ये, सवडीनं दहावी पुरी करता येते. मराठी हा विषयही घेता येतो. पण आपल्याकडे गावातल्या माणसाला पहिल्यांदा आठवतो तो सतरा नंबरच. त्यामुळे इथलं विवेचन त्या परीक्षेला धरून आहे. मुक्त विद्यालयाच्या परीक्षार्थ्यालाही त्यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल, कारण निबंध कुठल्याही मंडळाचा असला तरी लिहिणारा हात तोच असतो.

पुस्तक एकाच प्रश्नाबद्दल आहे. मराठी कुमारभारतीच्या ऐंशी गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाचा विभाग शेवटी येतो आणि त्यात लेखनकौशल्याचा प्रश्न आठ गुणांचा असतो. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एक लिहायचं. आठ गुणांसाठी अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारेल. उताऱ्यावरच्या कृतींचं उत्तर उताऱ्यात असतं, व्याकरणाचं उत्तर नियमात असतं, कवितेचं उत्तर पाठ्यपुस्तकात सापडतं. निबंध हाच असा प्रश्न आहे की ज्याचं उत्तर परीक्षार्थी येईपर्यंत कुठंच नसतं. आणि नेमका तोच प्रश्न आमचे परीक्षार्थी दुसऱ्याच्या वाक्यांनी सोडवतात.

हे परीक्षार्थी कोण आहेत ते आधी नीट पाहिलं पाहिजे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. आईबाप कोयत्यावर गेले की मुलं एकतर बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात, आणि सातवी-आठवीच्या आसपास पटावरून नाव कमी होतं. मुलगी असेल तर पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न होतं आणि शाळेचा विषयच संपतो. लातूरच्या आडत बाजारात पोती उचलणारा आहे, नांदेडला ऑटो चालवणारा आहे, किराणा दुकानात दहा वर्षं पुड्या बांधणारा आहे. यांना दहावी एकदम का हवी होते? पोलीस पाटलाच्या भरतीला दहावी लागते. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावी लागते. आखाती देशांत कामाला जायचं तर पासपोर्टवर परवानगीच्या अटीचा शिक्का असू नये म्हणून दहावीचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. आणि काहींना यातलं काहीच नको असतं. मुलगी दहावीला आली, आता तिच्याबरोबर आपणही बसावं, एवढंच त्या आईच्या मनात असतं. अशा आयांना शिकवताना मला सर्वांत जास्त आनंद झाला, हे इथं सांगून टाकतो.

परीक्षेचं वेळापत्रक या लोकांचा विचार करून आखलेलं नाही. मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चला येते. तेव्हा हरभरा काढणीला आलेला असतो, ज्वारीची खळी चालू असतात, उसाचा हंगाम संपत आलेला असला तरी टोळ्या अजून परतलेल्या नसतात. नापास झालं तर पुरवणी परीक्षा जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीत. नियमित विद्यार्थी सहसा रजेचा अर्ज न करता परीक्षेला बसतो. सतरा नंबरवाला मजुरी बुडवून बसतो. त्यातच प्रथम भाषेचा पेपर बहुधा पहिल्याच दिवशी असतो. कित्येक वर्षांनी बाकावर बसलेल्या माणसाची पहिली सकाळ मराठीच्या पेपरात जाते, आणि त्या पेपराच्या शेवटी, अडीच तास लिहून बोटं आखडलेली असताना, निबंध समोर येतो.

शिक्षणाच्या बाबतीत आमच्या दोन जिल्ह्यांची नावं महाराष्ट्रभर झाली ती दोन वेगवेगळ्या पॅटर्नमुळे. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला: भरपूर सराव, सतत चाचण्या, प्रश्नपत्रिकांचं बारीक विश्लेषण. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना, २०१० च्या सुमारास, कॉपीमुक्तीची मोहीम झाली. तिला ‘नांदेड पॅटर्न’ म्हणतात. दोन्हींबद्दल मला आदर आहे. पण लातूर पॅटर्न हुशार मुलाला आणखी वर नेण्यासाठी होता आणि नांदेड पॅटर्न चोरवाटा बंद करण्यासाठी होता. बारा वर्षं शाळेबाहेर राहून परत आलेल्या बाईला लिहितं कसं करायचं, याचा पॅटर्न दोन्हीकडे तयार झाला नाही. कॉपी बंद झाल्यावर तिच्या हातात उरलं ते गाईड, आणि गाईडातले निबंध पाठ करायचे म्हणजेच अभ्यास, अशी तिची समजूत झाली. पाठ केलेला निबंध उतरवून काढण्यात गैर काही नसतं, पण त्यात तिचंही काही नसतं.

याची मुळं जरा खोल आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरी मराठी बोलणारा मुलगा इतिहास, भूगोल, गणित उर्दूत लिहीत असे. मराठीतून शिकवणाऱ्या शाळा होत्या, पण मोजक्या, आणि बहुतेक लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यांतलीच. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं काम केलं आणि पुढे अंबाजोगाईला. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. म्हणजे स्वतःचा विचार मराठीत लिहून दाखवायचा आणि त्याला गुण मिळवायचे, ही सवय आमच्या भागात फार पिढ्यांची नाही. ज्या घरातून या सवयीची पहिलीच पिढी परीक्षेला बसते आहे, त्या घराला गाईडातलं वाक्य स्वतःच्या वाक्यापेक्षा भारदस्त वाटलं तर त्या घराचा दोष नाही. तो दोष शिकवणाऱ्यांनी दूर करायचा आहे.

आता प्रत्यक्ष निबंधाकडे येऊ. पाणीटंचाई हा विषय आमच्याकडे या ना त्या रूपात येतच राहतो. त्यावरचे बहुतेक निबंध असे सुरू होतात: पाणी म्हणजे जीवन आहे, पाण्यावाचून मानव, पशू, पक्षी कोणीही जगू शकत नाही, आजच्या धकाधकीच्या युगात मानव निसर्गावर अतिक्रमण करीत आहे. एकही वाक्य चुकीचं नाही. एकही वाक्य लिहिणाऱ्याचं नाही. हेच निबंध लिहिणाऱ्यांमध्ये २०१६ चा उन्हाळा लातूर शहरात काढलेली माणसं असतात. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचे आदेश निघाले होते, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभरचे पत्रकार येऊन ज्यावर लिहून गेले, ते ज्यांनी भोगलं त्यांच्याच उत्तरपत्रिकेत त्याचा शब्द नाही.

मग काय लिहावं? सरावासाठी मी एक परिच्छेद तयार केला, तो देतो.

‘त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा. हॉर्न ऐकू आला की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळायची. सगळ्यांच्या घागरी सारख्याच दिसत, म्हणून मी आमच्या घागरीच्या गळ्याला लाल चिंधी बांधली होती. एके दिवशी चिंधीवाली घागर कुणीतरी रांगेत मागं सरकवली. मी त्या बाईशी कडाकडा भांडले. संध्याकाळी तीच बाई तान्ह्या पोरासाठी तांब्याभर पाणी मागायला आमच्या दारात आली. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, तांब्या भरून दिला.’

या परिच्छेदात अवघड शब्द एकही नाही. पाणी मौल्यवान आहे असं कुठं म्हटलेलं नाही. पर्यावरण नाही, मानव नाही, सरकारला आवाहन नाही. एक उन्हाळा, एक रांग, एक भांडण, एक तांब्या. मी ‘लाल चिंधी’ लिहिली तेव्हा परीक्षकाला ती घागर दिसली, आणि एकदा दिसली की पुढचं सगळं तो विश्वासानं वाचतो. वर्गात हा परिच्छेद वाचल्यावर एक प्रश्न हमखास येतो: ‘सर, असलं लिहिलं तर चालतं का?’ आठ गुणांच्या सगळ्या अडचणीचं मूळ या प्रश्नात आहे. परीक्षार्थ्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. ते उत्तरपत्रिकेत शोभेल असा विश्वास नसतो. त्या प्रश्नाचं उत्तर ‘चालतं’ असं आहे, आणि ते मी इथं जितक्या ठामपणे छापता येईल तितक्या ठामपणे छापतो.

दुसरं उदाहरण भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारी आणि आसपासच्या गावांतल्या घराघरांत सांगितली जाते. आज परीक्षेला बसणाऱ्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण त्यांनी आईकडून, चुलत्याकडून ऐकलेलं असतं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाडजूड. वर मातीचं जड माळवद. हीच जाडी उन्हाळ्यात थंडावा द्यायची आणि त्या पहाटे तीच अंगावर आली. हे ज्ञान औसा-निलंग्याकडच्या मुलाला सहज असतं. तरीही ‘नैसर्गिक आपत्ती’वर लिहायला सांगितलं की तो जपानपासून सुरुवात करतो. जपान जरूर लिहावं, पण आधी चुलत्याच्या घराची भिंत लिहावी.

आणि शेतकऱ्याचं मनोगत. हा विषय इतका वापरून झाला आहे की त्याला ‘जगाचा पोशिंदा’ आणि ‘काळी आई’ यांच्यापलीकडे कुणी हात लावत नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीन विकायला घेऊन गेलेल्या माणसाला विचारा, तो काय सांगतो. ओलावा किती निघाला, माती-काडी किती धरली, भाव पुकारला तो किती आणि हातात पट्टी आली ती कितीची, हमाली-तोलाई किती कापली, परतीच्या टेम्पोचं भाडं कुणी दिलं. एवढं क्रमानं लिहिलं तर तो निबंध झाला. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत भाव न मिळालेला शेतकरी बाजारातच आपले टोमॅटो तुडवतो. ती कथा वाचलेला विद्यार्थी ती विसरत नाही, कारण तिथं भाव आहे, बाजार आहे, पाय आहेत आणि चिखल आहे.

या भागातल्या माणसाचं जगणं छापील पानावर शोभतं का, हा संशय ज्याला असेल त्याला मी लक्ष्मण गायकवाडांचं नाव सांगतो. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. ‘उचल्या’ हे त्यांचं आत्मकथन १९८७ साली आलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, त्या समाजातल्या माणसानं आपल्या घरातली गोष्ट आपल्या शब्दांत लिहिली. लातूरच्या परीक्षार्थ्याला नमुना शोधायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.

यातून बोलीचा प्रश्न निघतो, आणि तो टाळता येत नाही. आमच्याकडे माणूस ‘करायलाव’, ‘बघायलाव’ म्हणतो, ‘काहून’ विचारतो, ‘लई’ म्हणतो. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू असते, उदगीर, देवणीकडे कन्नड कानावर असते, तांड्यावर गोरमाटी, नांदेड शहरात उर्दू आणि गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी. परीक्षा मात्र प्रमाण मराठीची आहे. माझं मत असं: निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि माणसं बोलायला लागली की त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. आई टँकरमागं पळताना ‘त्वरा कर’ म्हणत नाही. ती ‘पळ की, काय बघायलास’ म्हणते, तर अवतरणचिन्हात तेच लिहा. असं एक वाक्य निबंधात आलं की परीक्षकाला लिहिणाऱ्याचं गाव कळतं. पण सगळा निबंध बोलीत लिहिण्याचा धोका परीक्षेत घेऊ नये. ते स्वातंत्र्य परीक्षेनंतरही घेता येतं आणि जरूर घ्यावं.

शुद्धलेखनाबद्दल थोडक्यात. सगळे अठरा नियम पाठ करत बसायला वेळ नसतो. आमच्या भागातल्या हातांच्या दोनच खोडी मोठ्या आहेत. ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल: पानी, कोन, लोनी. आणि शब्दाच्या शेवटी ह्रस्व वेलांटी-उकार. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो. ‘आणि’ हा नेहमी लागणारा अपवाद. एवढ्या दोन गोष्टी रोज एक पान लिहून सुधारल्या तरी उत्तरपत्रिकेचं रूप बदलतं. उरलेलं परीक्षक सोसतो.

रोज एक पान हे मी उगाच म्हणत नाही. तीन तासांत ऐंशी गुण, या हिशेबानं आठ गुणांच्या वाट्याला अठरा मिनिटं येतात. त्यातली तीन विषय निवडण्यात आणि प्रसंग ठरवण्यात जावीत, दोन शेवटी वाचून बघण्यात. उरतात तेरा. ज्या हातानं दहा वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलं नाही, त्याला तेरा मिनिटांत सव्वा पान लिहिणं हे कोयता चालवण्याइतकंच अंगमेहनतीचं काम आहे. विचार असूनही निबंध अर्धा राहतो तो बोटांमुळे. म्हणून या पुस्तकात पहिले काही आठवडे निबंध लिहायला सांगितलेलाच नाही. नुसतं लिहायचं: दिवसभरात काय झालं ते, घड्याळ लावून, न खोडता. दहा मिनिटांत अर्धं पान होऊ लागलं की पुढच्या प्रकरणाकडे वळायचं.

तिन्ही प्रकारांतलं कुठलं निवडावं? मोठ्या वयाच्या परीक्षार्थ्यानं शक्यतो प्रसंगलेखन निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं पंधरा वर्षांच्या मुलापेक्षा जास्त प्रसंग पाहिलेले असतात आणि गुणांच्या बाबतीत त्याच्याकडे असलेली ही एकमेव आघाडी आहे. ती सोडू नये. आत्मकथनात धोका असतो तो ठरावीक सुरुवातीचा. पुस्तक असो, नदी असो, झाड असो, ते ‘काय, ओळखलंस का मला?’ असं विचारतच प्रकट होतं. आत्मकथन लिहायचंच असेल तर त्या वस्तूला तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही असं काहीतरी माहीत असलं पाहिजे. हमालाच्या हातातल्या लोखंडी आकड्याला कुठल्या पोत्यात काय आहे ते टोचल्याबरोबर कळतं. ऑटोवाल्यानं रस्त्याचं मनोगत लिहिलं तर त्यातला खड्डा कुठल्या चौकातला आहे हे त्याला ठाऊक असतं. ही माहिती आली की आत्मकथन जिवंत होतं, नाही तर ते नाटकातल्या पाठ केलेल्या भाषणासारखं वाजतं.

वैचारिक लेखनाबद्दल लिहिताना नांदेडमध्ये एकच नाव आठवतं. नरहर कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि मराठीतले फार मोठे निबंधकार त्यांच्या रूपानं या गावानं पाहिले. ‘श्रीमान योगी’ची त्यांची प्रस्तावना मुळात रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र आहे. प्रस्तावना लिहायला बसलेल्या माणसानं ती आठवून जपूनच बसावं. त्यांच्या लेखनातली एक रीत दहावीच्या परीक्षार्थ्यालाही शिकता येते. ज्या मताशी वाद घालायचा आहे ते मत ते आधी पूर्ण ताकदीनिशी मांडतात, त्या मताच्या माणसानंही ‘हेच मला म्हणायचं होतं’ असं म्हणावं इतकं. मग ते तपासायला घेतात. ‘मोबाईल शाप की वरदान’ यावर लिहिताना आमचा विद्यार्थी अर्धं पान शाप लिहितो, अर्धं वरदान, आणि शेवटी ‘अति तेथे माती’ म्हणून सुटतो. त्याऐवजी त्यानं बाजू घ्यावी. बाजारभाव मोबाईलवर बघणारा शेतकरी आणि त्याच मोबाईलवर रात्र घालवणारा त्याचा मुलगा, दोघंही एकाच घरात आहेत; त्या घरात मोबाईल राहावा की नाही, हे लेखकानं ठरवावं आणि का ते सांगावं. दुसऱ्या बाजूचं सर्वांत बळकट कारण आधी मांडावं. ते मांडलं की आपलं मत आपोआप काळजीपूर्वक लिहिलं जातं.

अमेरिकेतही शाळा सुटलेल्यांसाठी ‘जीईडी’ नावाची परीक्षा आहे. ती १९४२ साली, महायुद्धात शिक्षण अर्धवट टाकून गेलेल्या सैनिकांसाठी तयार झाली. तिच्यात निबंध मात्र सुरुवातीला नव्हता. तो १९८८ साली आला. २०१४ साली आलेल्या रूपात परीक्षार्थ्याला परस्परविरोधी मतांचे उतारे देत आणि पंचेचाळीस मिनिटांत विचारत, यांपैकी कोणाचा पुरावा जास्त भक्कम आहे? तुमचं स्वतःचं मत काय, हे तिथं विचारत नसत. ही पद्धत मला आवडते. मोठ्या माणसाला परीक्षेत मोठ्या माणसासारखं वागवलं पाहिजे, हे तिच्यात आहे. आमच्याकडे पंधरा वर्षांचा मुलगा आणि पस्तीस वर्षांची बाई यांना एकच विषय मिळतो: मी पाहिलेली जत्रा, माझा आवडता ऋतू. बाईनं माळेगावची यात्रा पोर म्हणून पाहिली, नवी नवरी म्हणून पाहिली आणि बांगड्यांचं दुकान मांडूनही पाहिली. प्रश्न लहान मुलासाठी काढलेला असला तरी उत्तर तिनं तिच्या वयाचं द्यावं. विक्रीच्या शेवटच्या रात्री काचेच्या बांगड्या भुशात भरताना किती फुटल्या, ते लिहावं. मंडळानं खाजगी परीक्षार्थ्यांसाठी निदान एक पर्यायी विषय प्रौढ अनुभवाचा ठेवावा, अशी माझी मागणी आहे, आणि ती मी या प्रस्तावनेतही नोंदवून ठेवतो.

पुस्तकाच्या रचनेबद्दल शेवटचं सांगायचं ते हे. यात नमुन्याचे पूर्ण निबंध दिलेले नाहीत. पाण्यावरचा वरचा परिच्छेद एवढाच काय तो नमुना, आणि तोही अर्धाच आहे, कारण पूर्ण दिला असता तर पुढच्या मार्चमध्ये तीच लाल चिंधी कितीतरी उत्तरपत्रिकांत दिसली असती. त्याऐवजी प्रत्येक विषयाखाली प्रश्न दिले आहेत: हे कधी झालं, तिथं कोण होतं, हातात काय होतं, कोण काय बोललं, किती पैसे लागले, नंतर काय बदललं. उत्तरं आधी तोंडी द्यायची, शक्यतो घरातल्या कुणालातरी सांगून, आणि मग लिहायची. ज्यांना घरी वेळ मिळत नाही त्यांनी कामावर जाता-येता मनात सांगावीत; बैलगाडीवर, टेम्पोत, रांगेत, कुठंही.

नेमलेल्या शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. सतरा नंबरच्या परीक्षार्थ्याची वही हातात आली की पहिल्या वाचनात लाल पेन खाली ठेवावा. पूर्ण वाचावं, आणि त्यातलं जे वाक्य त्यानंच लिहू शकावं असं आहे त्याच्याखाली रेघ मारून, ती रेघ का मारली ते त्याला समोर बसवून सांगावं. वेलांट्या-उकार दुसऱ्या वाचनात.